हिरवी बुरशी दर बॅचला परत येते? औषध बदलण्याआधी तारीख बघा

अळिंबी (मशरूम) पिकवणाऱ्यांची तक्रार बहुतेक वेळा एकाच साच्यातली असते. 'बेड भरले, सात-आठ दिवस छान पांढरे होत होते, मग हिरवं आलं. मागच्या खेपेला कार्बेन्डाझिम वापरलं तेव्हा जरा थांबलं होतं. या खेपेला डोस वाढवला तरी आलंच. आता कोणतं औषध?' सोबत हिरव्या डागाचा अगदी जवळून काढलेला फोटो.

यात औषधाचं नाव असतं, डोस असतो, फोटो असतो. नसते ती तारीख. स्पॉन (दाण्यांवर वाढवलेलं अळिंबीचं बियाणं) घातल्यापासून कितव्या दिवशी डाग दिसला? बेडच्या, म्हणजे काड भरलेल्या पिशवीच्या, तळाला, पोटात की भोकाजवळ? त्या दिवशी भरलेल्या सगळ्या बेडांना की चार-दोनांनाच? एवढं कळलं तर फोटोची गरज सहसा पडत नाही. हे कळलं नाही तर फोटो कितीही स्पष्ट असो, उत्तर अंदाजाचंच राहतं.

अळिंबी स्वतःच बुरशी आणि तिच्यावर येणारा रोगही बहुधा बुरशीच. एकीला मारेल पण दुसरीला धक्का लावणार नाही अशी औषधं बोटांवर मोजण्याइतकी, आणि तीही रोग दिसल्यावर फारशी कामाची नसतात. त्यामुळे 'रोग आला, फवारा मारला' हा शेतातला हिशोब इथे चालत नाही. रोग कोणत्या वाटेने आत आला ते शोधायचं आणि ती वाट बुजवायची. धिंगरीत (ऑयस्टर अळिंबीत) या तक्रारीचं नाव बहुधा हिरवी बुरशी असतं, बटन अळिंबीत ड्राय बबल (छत्रीऐवजी कोरडा गोळा होणारा रोग) किंवा तपकिरी डाग. शोधायची पद्धत एकच.

हिरवं दिसलं तो पहिला दिवस नव्हे

हिरवी बुरशी म्हणजे बहुतेक वेळा ट्रायकोडर्मा. सुरुवातीला ती पांढरीच असते आणि स्पॉनच्या पांढऱ्या वाढीत बेमालूम मिसळून जाते. बीजाणू तयार व्हायला लागले की मग रंग चढतो. म्हणजे हिरवं दिसलं त्याच्या निदान तीन ते पाच दिवस आधी ती तिथे बसलेली होती. 'काल पाणी मारलं म्हणून आज हिरवं आलं' हे म्हणून पटत नाही. कॅलेंडरवर मागे मोजत जा आणि त्या दिवशी काय केलं होतं ते बघा.

दुसरी गोष्ट, ट्रायकोडर्माचे बीजाणू चिकट गुच्छात असतात. हात, पाण्याचे थेंब, माशीचे पाय, टोपल्या, कपडे यांना ते चिकटून फिरतात. कोरड्या काडाच्या धुळीबरोबरही येतात. 'हवेतून आलं' हे म्हणायला सोपं पडतं, कारण हवेला कुणी जबाबदार नसतं. प्रत्यक्षात धूळ, हात आणि माशी हेच तिघे बऱ्याचदा सापडतात.

सगळी हिरवी बुरशी सारखी घातक नसते, हेही ध्यानात ठेवा. बटनच्या कंपोस्टमध्ये (ती ज्या खतावर वाढवतात त्यात) १९८० च्या दशकात आयर्लंडकडून सुरू झालेल्या आणि पुढे उत्तर अमेरिकेत पसरलेल्या साथीत जी जात सापडली, ती निरोगी कंपोस्टही गिळते. आधी तिला ट्रायकोडर्मा हार्झियानमचाच प्रकार समजत. २००२ मध्ये ट्रायकोडर्मा ॲग्रेसिव्हम म्हणून ती वेगळी केली गेली. धिंगरीवर प्लुरोटी आणि प्लुरोटिकोला या दोन जाती विशेष त्रास देतात. याउलट तिसऱ्या बहरानंतर (पीक फुटण्याच्या तिसऱ्या खेपेनंतर) थकलेल्या बेडवर दिसणारा हिरवा ठिपका ही साधी कुजण्याची सुरुवात असते. त्याच्यासाठी झोप उडवून घेऊ नका.

एक बेड फाडून बघा

डाग असलेला बेड तसाच उचलून दारातून नेऊ नका. आधी त्यावर पाण्याचा हलका फवारा मारा म्हणजे बीजाणू उडणार नाहीत, मग मोठ्या पिशवीत घालून तोंड बांधा आणि खोलीपासून लांब, वाऱ्याच्या खालच्या बाजूला न्या. तिथे धारदार सुरीने उभा चिरा. दोन्ही भाग उघडून समोर ठेवले की बेड बोलायला लागतो.

हिरवं स्पॉनच्या दाण्याभोवती गोल गोल फिरलेलं असेल, म्हणजे प्रत्येक ठिपक्याच्या मधोमध गव्हाचा किंवा ज्वारीचा दाणा असेल, तर संशय स्पॉनवर किंवा स्पॉन हाताळणाऱ्या हातांवर. असे डाग लवकर, पहिल्या आठवड्यातच दिसतात. दाणा हिरवा नसून लिबलिबीत, आंबूस वासाचा आणि त्याच्या भोवती पांढरी वाढ मुळीच नसेल, तर तो जिवाणूने खाल्लेला स्पॉन. केशरी, पावडरीसारखं काही भरभर पसरत असेल तर ती न्यूरोस्पोरा. तिचा बेड क्षणभरही खोलीत ठेवू नका. तिचे बीजाणू खरोखरच हवेतून उडतात आणि एका दिवसात रॅकभर पसरतात.

हिरवं तळाशी साचलेलं, खालचं काड काळपट आणि दाबल्यावर पाणी सुटतंय? काड ओलं भरलं. पाणी साचतं तिथे हवा पोचत नाही, धिंगरीची वाढ थांबते आणि मोकळी जागा दुसरी बुरशी घेते. भरण्याआधी मुठीत काड घट्ट दाबा. बोटांच्या फटीतून थेंब गळायला नको; तळहात ओलसर झाला, बस्स. उताराच्या जाळीवर किंवा फरशीवर पसरून पाणी निथळू देणं हा कंटाळवाणा टप्पा आहे, म्हणून घाईत नेमका तोच आखडता घेतला जातो.

हिरवं बेडच्या पोटात, मधोमध, आणि बाहेरचा थर पांढराशुभ्र? हा उष्णतेचा मार आहे. वाढणारं मायसेलियम (बुरशीचे पांढरे तंतू) स्वतः उष्णता सोडतं. खोलीत २५ अंश दिसत असताना जाड बेडच्या मध्यभागी पारा सहज ३० च्या वर असतो, आणि बेड एकमेकांना टेकवून ठेवले तर आणखी चढतो. त्या उष्णतेत धिंगरी हतबल होते आणि ट्रायकोडर्मा खुशीत वाढतो. भिंतीवरच्या थर्मामीटरवर विसंबू नका. लांब दांडीचा थर्मामीटर स्पिरिटने पुसून एका बेडच्या पोटात खुपसून ठेवा. तो बेड मोजणीसाठी गेला असं समजा. पोटातलं तापमान ३० ओलांडत असेल तर बेडचा व्यास कमी करा आणि दोन बेडांत हात जाईल एवढी फट ठेवा.

आणि हिरवं फक्त भोकांच्या कडेला, दुसऱ्या आठवड्यानंतर? मग बेड भरताना काही चुकलं नव्हतं. भोक पाडायची सळई, पाण्याचा पाइप किंवा माशी यांतलं कोणीतरी बाहेरून आणून दिलंय.

तीन पिशव्यांची चाचणी

बेड फाडूनही संशय एकापेक्षा जास्त जागी राहिला, तर पुढच्या बॅचला थोडा जास्तीचा खटाटोप करा. तयार केलेलं काड स्पॉन न घालता एका पिशवीत भरा, तोंड बांधा. स्पॉनची एक पिशवी न उघडता तशीच ठेवा. आणि त्याच काडात दुसऱ्या लॉटचं स्पॉन घालून दोन-तीन बेड भरा. तिन्हींवर मार्करने तारीख टाका आणि नेहमीच्या बेडांच्या शेजारी ठेवा.

बिनस्पॉनच्या काडावर चार-पाच दिवसांतच हिरवं आलं, तर काड नीट तापलेलंच नाही. न उघडलेल्या स्पॉनमध्ये रंग दिसला, तर पुरवठादाराशी बोलायला तुमच्या हातात पुरावा आहे. दोन्ही स्वच्छ राहिले आणि स्पॉन घातलेले बेड, दुसऱ्या लॉटचेही, बिघडले, तर अडचण स्पॉन घालण्याच्या जागेत, हातांत किंवा उबवणीच्या तापमानात आहे. एक सावधगिरी: बिनस्पॉनचं काड आज ना उद्या बुरसटणारच, कारण त्यात जागा अडवणारं कुणी नाही. त्याचे पहिले काही दिवसच बघायचे. पंधरा दिवसांनी ते हिरवं झालं यावरून काहीच सिद्ध होत नाही.

याच कारणासाठी बॅचची सरमिसळ टाळा. एका दिवसाचे बेड एका रॅकवर, रॅकवर चिठ्ठी: भरल्याची तारीख, स्पॉनचा लॉट, काड कोणत्या ढिगातलं, पाणी किती तापलं आणि किती वेळ. कंटाळा येतो, कबूल. पण चिठ्ठीशिवायचे शंभर बेड म्हणजे शंभर तक्रारी, आणि चिठ्ठी असली की त्या एक-दोन कारणांवर येतात.

काड तापवण्यातली नेहमीची गफलत

पाणी ७० अंशाला आलं की घड्याळ लावतात. घड्याळ लावायचं ते काडाच्या गठ्ठ्याच्या मध्यभागी ६५ ते ७० अंश झाल्यावर. तिथून पुढे एक तास. पिंपात काड दाबून भरलं असेल तर कडेचं पाणी उकळायला आलेलं असतं आणि मधलं काड कोमट. ड्रमच्या मधोमध थर्मामीटर लटकवा, एवढ्यानेच कितीतरी जणांची तक्रार संपते.

उलट दिशेची गफलतही तितकीच घातक. 'जास्त तापवलं की जास्त स्वच्छ' असं वाटतं. पण काड पाश्चराइज करण्यात सगळं मारणं हा हेतूच नाही. उष्णता सहन करणारे काही उपयोगी जिवाणू मागे राहावेत आणि त्यांनी बुरशीची जागा अडवावी, असा तो बेत असतो. काड पार निर्जीव करून उघड्या हवेत स्पॉन घातलं, तर पहिली धूळ पडली की तीच पिकते. पूर्ण निर्जंतुक करायचंच तर १२१ अंशाला ऑटोक्लेव्ह आणि स्पॉन घालायला गाळलेल्या हवेची जागा, हे दोन्ही सोबत हवं. भुसा आणि कोंडा मिसळलेल्या मिश्रणाला तर याला पर्यायच नाही. कोंडा घातलेलं मिश्रण साध्या गरम पाण्यावर चालवणं म्हणजे ट्रायकोडर्माला जेवायला बोलावणं.

आम्लता बघा. ट्रायकोडर्माला किंचित आंबट माध्यम मानवतं, धिंगरी थोडं अल्कधर्मी सहज सोसते. भिजवणीत चुना वापरून सामू (पीएच) ७.५ ते ८ च्या आसपास आणला की पारडं आपल्या बाजूला झुकतं. स्पॉनमध्ये काटकसर करू नका; ओल्या काडाच्या वजनाच्या दोन टक्क्यांखाली गेलात की बेड भरायला जास्त दिवस लागतात, आणि तेवढे दिवस जागा मोकळी राहते.

कार्बेन्डाझिम आणि फॉर्मॅलिनच्या पाण्यात काड रात्रभर भिजवण्याची पद्धत इंधन वाचवते म्हणून चालते. माझं मत तिच्या विरोधात आहे. ट्रायकोडर्माचे काही वाण कार्बेन्डाझिमला दाद देत नाहीत, तेव्हा डोस वाढवून फायदा शून्य आणि मालात अंश राहण्याची भीती दुप्पट. फॉर्मॅलिनमधल्या फॉर्मॅल्डिहाइडला तर जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्येच माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलंय. रोज त्या वाफेत काम करणाऱ्यांचा विचार करा.

बटन: बबल कोणत्या बहरात आला?

बटनमध्ये दोन बबल लोक सर्रास एकच समजतात. वेट बबल मायकोगोनमुळे येतो: देठ-छत्री असा आकारच राहत नाही, मोठा वेडावाकडा पांढरा गोळा तयार होतो, त्यावर मधाच्या रंगाचे थेंब सुटतात आणि मग तो सडून घाण वास मारतो. ड्राय बबल लेकॅनिसिलियम फंगिकोलामुळे: गोळा लहान, कोरडा, कांद्यासारखा, लागण उशिरा झाली तर देठ सोलल्यासारखा फाटतो किंवा छत्रीवर करडे-तपकिरी डाग पडतात.

दोन्हींचं मूळ कंपोस्टमध्ये शोधत बसू नका. हे रोग पिनहेड (टाचणीच्या डोक्याएवढी कोवळी अळिंबी) धरण्याच्या सुमाराला फळाला पकडतात, आणि लागण झाल्यापासून दिसेपर्यंत साधारण दीड-दोन आठवडे जातात. आता बहर बघा. पहिल्याच बहरात, जागोजागी विखुरलेले गोळे दिसले तर केसिंगची (कंपोस्टवर पसरायच्या थराची) माती दूषित होती, किंवा तयार झाल्यावर ती कुठेतरी उघडी पडून होती. केसिंग ६० ते ६५ अंशाला सहा-आठ तास वाफवून झाकून ठेवायचं. वाफवलेली माती जुन्या बेडांच्या दाराशी ओतली तर वाफ फुकट. पहिला बहर स्वच्छ आणि दुसऱ्या-तिसऱ्यात बबल, तोही दाराजवळ किंवा वाटेच्या कडेच्या बेडांवर? मग तो जुन्या खोलीतून आलाय: माशीने, हाताने किंवा झाडूच्या धुळीने.

लेकॅनिसिलियमचे बीजाणूही चिकट. बबल काढायच्या आधी पाणी मारणं ही सगळ्यात महागडी सवय. एका गोळ्यावर थेंब आपटला की भोवतालच्या पिनहेडवर शिंतोडे उडतात, आणि दोन आठवड्यांनी तिथे वर्तुळ दिसतं. क्रम असा: सकाळी पाणी नाही, काढणी नाही; आधी एक माणूस फक्त रोगाचे गोळे बघत फिरतो. गोळ्यावर ओला टिश्यू पेपर हळूच टाकतो, कडा खाली दाबतो, वर मिठाचा जाड थर ओततो, गोळ्याच्या बाहेर चार बोटं जाईल इतका. गोळा उपटायचा नाही. तो माणूस त्या दिवशी काढणीला हात लावत नाही. मग काढणी, मग पाणी. खोल्यांमध्ये फिरतानाही सर्वांत नव्या खोलीपासून जुन्या खोलीकडे; उलट फेरी झाली की रोग नव्या खोलीत आपणच पोचवतो.

कॉबवेब, म्हणजे केसिंगवर पसरणारी करड्या-पांढऱ्या कोळिष्टकासारखी क्लॅडोबोट्रियम, हिच्याबाबत हे आणखी काटेकोरपणे करावं लागतं. हिचे बीजाणू कोरडे आणि हलके. पाण्याचा फवारा किंवा पंख्याचा झोत लागला की उडतात. रुपयाएवढा डाग असताना झाकला तर संपला, पाणी मारलं तर पुढच्या आठवड्यात सगळ्या शेल्फवर. टिश्यू टाकेपर्यंत पंखा बंद ठेवा.

औषधांचं थोडक्यात. प्रोक्लोराझ आणि मेट्राफेनोन ही काही देशांत अळिंबीवर नोंदणी असलेली औषधं. तुमच्याकडे नोंदणी आहे का आणि काढणीआधी किती दिवस थांबायचं, हे लेबलवर वाचा. बेनोमिल या बुरशीनाशकाच्या गटाला लेकॅनिसिलियम आणि कॉबवेब या दोघांनीही प्रतिकार मिळवला हा इतिहास आहे; म्हणून एकच औषध वर्षानुवर्षं धरून बसू नका आणि बबल दिसल्यावर मारलेल्या फवाऱ्याकडून चमत्काराची अपेक्षा ठेवू नका. त्याचं काम केसिंगच्या वेळी असतं.

तपकिरी डाग: जिवाणू नव्हे, ओल शोधा

बॅक्टेरियल ब्लॉचचा जिवाणू स्युडोमोनास टोलासी. १९१५ मध्ये टोलास यांनी या डागाचं वर्णन केलं, म्हणून हे नाव. हा जिवाणू कंपोस्टात, केसिंगमध्ये, पाण्यात असतोच. त्याला हाकलून लावणं शक्य नाही. छत्रीवर पाण्याचा पातळ थर टिकला की तो वाढतो, टोलासिन नावाचं विष सोडतो आणि वरचा पापुद्रा तपकिरी पडतो. म्हणून प्रश्न 'जिवाणू कसा आला' हा नसून 'छत्री ओली का राहिली' हा आहे.

पाणी दिल्यावर दोन-तीन तासांत छत्र्या कोरड्या झाल्या पाहिजेत. संध्याकाळी पाणी देऊन हवा बंद केली तर रात्रभर ओल राहते. पाणी न देताही डाग येत असतील तर दवबिंदू तपासा. खोलीत १८ अंश आणि ९० टक्के आर्द्रता असेल तर छत्री १६.३ अंशाच्या खाली गेल्यावर तिच्यावर दव धरतं. पावणेदोन अंशांची मोकळीक असते. आर्द्रता ९५ टक्के केली की दवबिंदू १७.२ वर येतो, म्हणजे जेमतेम ०.८ अंशाची घसरण पुरे. कूलर किंवा एसी चालू-बंद होताना एवढी घसरण कितीतरी वेळा होते. आर्द्रतामापकाचा आकडा ९५ वर नेऊन समाधान मानणाऱ्यांच्या खोलीत ब्लॉच हटत नाही, त्याचं हे कारण. पिनहेड धरल्यावर आर्द्रता ८५ ते ९० वर आणा आणि हवा सतत, पण मंद, फिरती ठेवा.

पाण्यात क्लोरीन १५० पीपीएम (दहा लाखात १५० भाग) ठेवला की प्रसार कमी होतो. पाच टक्के सोडियम हायपोक्लोराइट असेल तर लिटरला ३ मिली, शंभर लिटरला ३०० मिली. द्रावण त्याच दिवशी करा. उघड्या डब्यातलं जुनं हायपो केव्हाच मेलेलं असतं. पडलेला डाग मात्र क्लोरीनने जात नाही.

धिंगरीवरही पिवळे-तपकिरी डाग याच कुळातले जिवाणू पाडतात, आणि इलाजही तोच: कमी पाणी, बारीक तुषार, जास्त हवा. काढणीनंतर शीतगृहातून बाहेर आल्यावर डाग पडत असतील तर खोलीला दोष देऊ नका. थंड मालावर गरम हवेतलं बाष्प बसलेलं असतं.

माशा, कोळी आणि इतर साक्षीदार

सियारिड आणि फोरिड माश्या अळ्यांमुळे नुकसान करतात ते वेगळंच, पण बबल आणि ट्रायकोडर्मा खोली-खोली फिरवण्याचं मोठं काम त्यांचं. पिवळे चिकट सापळे प्रत्येक खोलीत एकाच जागी लावा आणि दर आठवड्याला त्यावरच्या माश्या मोजून लिहा. आकडा वाढायला लागला की दोनेक आठवड्यांनी रोग वाढतो. हवेच्या सगळ्या तोंडांना ४० मेशची जाळी, दोन दारं, आणि दोन्ही एकाच वेळी न उघडण्याची शिस्त. दाराखालची फट बहुतेकांना दिसत नाही. आत दिवे बंद करून उभे राहा, उजेड येतो तिथून माशीही येते.

बटनच्या बेडवर तांबूस, बारीक कोळ्यांचे थवे दिसले की लोक कोळीनाशक शोधतात. हे लाल कोळी ट्रायकोडर्मा खातात, अळिंबी नाही. ते दिसले म्हणजे खाली हिरवी बुरशी आहे. थवा दिसेल तिथे कंपोस्ट उकरून बघा.

बटनच्या कंपोस्टमधल्या तणबुरश्याही अशाच बोलतात. शाईसारखं काळं पाणी होणाऱ्या छत्र्या, म्हणजे कोप्रिनस, दिसल्या तर अमोनिया पूर्ण गेलेला नव्हता. तपकिरी प्लास्टरसारखा थर म्हणजे कंपोस्ट जास्त ओलं. ऑलिव्ह रंगाचा कीटोमियम म्हणजे पाश्चरायझेशनच्या वेळी हवा कमी पडली किंवा तापमान ६० च्या बरंच वर गेलं. यातल्या कशावरही फवारायचं काही नाही. पुढच्या ढिगाची नोंद सुधारायची. ५७ ते ६० अंशाला सहा-आठ तास, मग ४५ ते ४८ अंशावर कंडिशनिंग (मुरवणं), अमोनिया १० पीपीएमच्या खाली येईपर्यंत. नाकाला वास येत असेल तर स्पॉन घालू नका.

एकही बुरशी दिसत नाही, तरी उत्पादन बॅचमागून बॅच घसरतंय, देठ लांब आणि छत्र्या लहान, बेडवर उघडे पट्टे पडतायत? विषाणूचा संशय घ्या. बटनवरचा ला फ्रान्स रोग १९४८ मध्ये पेनसिल्व्हेनियात लक्षात आला आणि १९६२ मध्ये त्यात विषाणूचे कण सापडले. बुरशीत सापडलेले हे पहिलेच विषाणू. तो उमललेल्या अळिंबीच्या बीजाणूंमधून आणि जुन्या मायसेलियमच्या तुकड्यांमधून पसरतो. म्हणून छत्री उघडण्याआधी काढणी, आणि जुन्या लाकडी ट्रे-फळ्यांतलं मायसेलियम वाफेने मारणं. वाण बदलूनही पाहा.

खोली कधी रिकामी करायची

दोन लागोपाठ बॅचमध्ये डाग आधीच्यापेक्षा लवकर दिसायला लागले, तर चालू पिकातल्या डागडुजीने ते आटोक्यात येत नाही. उत्पन्नाचा खंड टाळायला लोक अर्ध्या खोलीत जुने बेड ठेवून अर्ध्यात नवे भरतात आणि चक्र चालू राहतं. एक खोली एकदम भरा, एकदम रिकामी करा.

रिकामी करण्याआधी वाफेची सोय असेल तर बेडसकट खोली ६५ ते ७० अंशाला आठ ते बारा तास ठेवा. तापमान बेडच्या आत मोजायचं, हवेत नव्हे. वाफ नसेल तर बेड आत असतानाच ओले करून पिशव्यांत बंद करा आणि मग बाहेर काढा. वापरलेलं काड नव्या काडाच्या गंजीपासून, कंपोस्ट यार्डपासून आणि हवेच्या तोंडापासून लांब न्या. ते दाराबाहेर टाकून त्यावर भाजी लावणाऱ्यांची हिरवी बुरशी जन्मात जाणार नाही.

मग धुणं. आधी साबणाच्या पाण्याने घासून चिखल, काड, पापुद्रे काढा. सेंद्रिय घाण राहिली तर क्लोरीन तिच्यावरच खर्च होतो. त्यानंतर निर्जंतुकीकरण, आणि खोली दारं बंद ठेवून पूर्ण कोरडी होऊ द्या. शेल्फच्या खालच्या बाजू, पाइपचं तोंड, पंख्याची पाती, काढणीच्या सुऱ्या आणि टोपल्या या जागा बहुतेक वेळा राहून जातात.

पहिली नवी बॅच लहान भरा, तीन पिशव्यांच्या चाचणीसकट, नव्या चिकट सापळ्यांसकट. त्या बॅचचा दुसरा बहर निघेपर्यंत दुसरी खोली भरू नका.